ट्यूबवरची दुसरी उडी

२३ ऑगस्ट २०२३, बुधवार. संध्याकाळी चांद्रयान-३ उतरणार होतं, म्हणून अकरावीच्या वर्गावर त्या दिवशी ठरवूनच मोमेंटमचं, म्हणजे संवेगाचं (वस्तुमान गुणिले वेग), गणित काढलं. आमचं ज्युनिअर कॉलेज औसा तालुक्यातलं. ऑगस्टभर पावसानं ओढ दिलेली, सोयाबीननं माना टाकलेल्या. पोरांचं अर्धं लक्ष घरच्या रानात.

हे माझं ठेवणीतलं गणित. अंतराळात एक माणूस यानापासून सुटून तरंगतोय, जवळ २०-२० किलोच्या दोन पिशव्या. सगळं मिळून वस्तुमान १०० किलो. यानाच्या उलट दिशेला पिशव्या ५ मीटर प्रतिसेकंद वेगानं फेकल्या, तर तो यानाकडं किती वेगानं सरकेल? आधी दोन्ही एकदम फेकून बघायच्या, मग एकेक.

‘हवाच नाही तर ढकलायचं कशाला?’ हा प्रश्न आला. दरवर्षी येतो. पिशवीलाच ढकलायचं, ती आपल्याला ढकलते. १९२० साली न्यूयॉर्क टाइम्सनंही याच मुद्द्यावरून रॉकेटवाल्या अमेरिकन गॉडर्डची टिंगल केली होती आणि माणूस चंद्राच्या वाटेवर असताना, जुलै १९६९ मध्ये, चूक कबूल केली होती. हा किस्सा सांगितला की वर्ग हसतो. हसला.

मग फळ्यावर मांडलं. पिशव्यांचा संवेग ४० गुणिले ५, म्हणजे २००. उरलेला माणूस ६० किलोचा, वेग ३.३३. एकेक फेकल्या तरी ३.३३च. “बघा, कशाही फेका, मोमेंटम तेवढंच,” असं म्हणून मी खडू खाली ठेवला. अकरा वर्षं हे वाक्य म्हणून झालं की मी खडू खाली ठेवत आलोय.

शेवटच्या बाकावरचा एक पोरगा उठला. एरवी हजेरीपुरतं तोंड उघडणारा.

“सर, हे पटंना गेलंय.”

“काय पटंना?”

“आम्ही हिरीत ट्रकची ट्यूब टाकतो. दोघं उभारतो तिच्यावर. पहिल्यानं उडी मारली की ट्यूब मागं पळती. लगेच दुसऱ्यानं मारली, तर तेवढाच जोर लावूनबी तो अलीकडंच पडतोय. ट्यूबच मागं चाललेली असती ना.”

वर्गात खसखस पिकली. मी मात्र फळ्याकडं बघत राहिलो. माझी दुसरी पिशवी पहिलीइतक्याच वेगानं, ५नंच, जात होती. माणूस तोवर मागं सरकायला लागलेला, त्याच्या हातात जोर तेवढाच. मग ती ५नं जाईल कशी? ५ कुणाच्या सापेक्ष, हे मी कधी लिहिलंच नव्हतं. फेकणाऱ्याचा जोर धरायचा तर पिशवी आणि माणूस एकमेकांपासून ५नं दूर जायला हवेत.

फळा पुसला. पोरगा उभाच होता, त्यालाच पुढं बोलावलं. दोन्ही पिशव्या एकदम फेकल्या तर माणूस २नं मागं, पिशव्या ३नं पुढं. ६० दुणे १२०, ४० त्रिक १२०, हिशोब जुळला. एकेक फेकल्या तर पहिली पिशवी ४नं जाते आणि माणूस दुसऱ्या पिशवीसकट १नं मागं येतो. दुसरीनं त्याच्या वेगात १.२५ची भर, एकूण २.२५. आणि ती दुसरी पिशवी? फक्त २.७५. अलीकडंच पडली!

टाइम्सला ४९ वर्षं लागली होती, मला अकरा. मधल्या किती बॅचेसनी ३.३३ लिहून घेतलं असेल, ते मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही.

मग तासाची घंटा होऊनही कुणी हललं नाही. १०-१० किलोच्या चार पिशव्या करून बघितल्या, २.३९ आलं. अगदी ज्वारीच्या दाण्यागत थोडं थोडं फेकत गेलं तर? ५ गुणिले १०० भागिले ६०चा नैसर्गिक लॉग, २.५५. त्याच्यापुढं जात नाही. रॉकेट वायू एकदम न सोडता सतत का सोडतं, ते इथं दिसतं. हे समीकरण १९०३ साली रशियाच्या त्सिओल्कोव्हस्कीनं छापलं. तोही शाळामास्तरच.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. एसटीला वेळ होता म्हणून तो पोरगाही दारात थांबलेला. पावणेसहाच्या सुमारास, ३० किलोमीटर उंचीवर, लँडरनं ताशी सहा हजार किलोमीटरचा वेग कमी करायला सुरुवात केली. चंद्रावर हवा नाही, पॅराशूट उघडून उपयोग नाही. जिकडं चाललोय तिकडंच वायू फेकायचा.

“सर,” तो हळूच म्हणाला, “इंधन जळंल तसं ते हलकं व्हणार. तेवढ्याच जोरानं ढकलत राहिलं तर परत वर जाईल की.”

सतराशे बावन्न किलोचा लँडर, ८००-८०० न्यूटनची चार इंजिनं, आणि त्यांचा जोर कमी-जास्त करता येतो तो नेमका याचसाठी. मी सांगायला सुरुवात केली खरी, पण तेवढ्यात सहा वाजून चार मिनिटं झाली आणि त्या खोलीत कुणालाच काही ऐकू येईना.