पेठेतलं हॉटेल पुनर्विकासातून बाहेर काढताना

पुनर्विकासात दुकानदार भांडतो तो चौरस फुटांसाठी. कपड्याचं किंवा भांड्यांचं दुकान असेल तर ते बरोबरच आहे. हॉटेलवाल्याने मात्र धूर कुठून जाणार ते आधी विचारावं, मग सांडपाणी कुठे जाणार ते, आणि चौरस फुटांचं त्यानंतर. आमचं चहा-नाश्त्याचं हॉटेल जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत आणायचा सगळा व्याप माझ्या गळ्यात पडला होता, म्हणून हे इतक्या ठामपणे सांगते.

आमचं गाव नगरपरिषदेचं. इमारत मुख्य पेठेतली, खाली दुकानं, वर मालकांचं बिऱ्हाड. नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम १९५ खाली धोकादायक इमारतीची नोटीस लागली आणि स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत, इमारत सी-१ निघाली. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ए मध्ये रिकामी करून दुरुस्ती होते, सी-२बी मध्ये माणसं आत असतानाच होते, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. शेजारच्या दोघा दुकानदारांनी सी-१ ऐकताच मालकांकडून रोख घेतली आणि जागा सोडली. नोटीस आली म्हणजे भाडेकरूचा हक्क संपला, असं गावात सगळे धरूनच चालतात. मालकांनाही ते सोयीचं असतं.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत हा गैरसमज काढला. सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी खटल्यात सांगितलंय की इमारत पाडली गेली तरी भाडेकरूपण आपोआप संपत नाही, कारण भाड्यात इमारतीबरोबर खालची जमीनही येते. "जागा खाली करा, ते टाळता यायचं नाही. पण काहीही लिहून देऊ नका," असं त्यांनी बजावलं. जागा रिकामी करणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं. हे दोन्ही एकाच कागदावर लिहून घ्यायचा प्रयत्न आमच्याकडे झालाच.

भाडेपावत्या अण्णांच्या नावावर होत्या आणि अण्णांना जाऊन काही वर्षं झाली होती. मालक काका म्हणाले, "अगं पोरी, जागा तुझ्या वडिलांना दिली होती. तुझा काय संबंध?" महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ यात स्पष्ट आहे. धंद्याच्या जागेत, मूळ भाडेकरू वारला तेव्हा त्याच्याबरोबर तिथेच धंदा करणारा घरचा माणूस भाडेकरू ठरतो. पण 'बरोबर धंदा करत होते' हे दाखवायचं कशावरून? इथे कामाला आलं ते फूड रजिस्ट्रेशन, म्हणजे खाण्याच्या धंद्याची सरकारी नोंदणी. अण्णा असतानाच ते मी माझ्या नावावर काढलं होतं आणि त्यावर याच जागेचा पत्ता होता. त्याच्या जोडीला दुकान कायद्याची सूचना. २०१७ च्या कायद्यानुसार तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असले तर नुसती सूचना द्यावी लागायची. तीही आम्ही दिलेली होती. ज्यांची पावती अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहे त्यांनी हे दोन कागद आजच काढून बघावेत.

मग काकांनी भाडं घेणं बंद केलं. हा फार जुना डाव आहे. महिने साचू द्यायचे आणि थकबाकीचा दावा टाकायचा. आम्ही दर महिन्याला मनीऑर्डर करायचो, ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत यायची, आणि तो परतीचा कागद मी फायलीत लावायचे. काका सकाळी आमच्याकडेच चहाला येत होते, आणि त्यात आम्हा दोघांनाही काही वावगं वाटत नव्हतं.

मोजणीचा दिवस मात्र नीट सांगायला हवा, कारण हॉटेलं तिथेच हरतात. बिल्डरचा माणूस टेप घेऊन आला आणि आतून आत मोजायला लागला. जुन्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, त्यामुळे बाहेरून ऐसपैस दिसणारी जागा कागदावर आखडली. भट्टीमागचा कोनाडा तो सोडून चालला होता, तो मी धरायला लावला. पोह्यांची पोती आणि साखर ठेवायचा माळा त्याने धरला नाही तो नाहीच. आणि पुढचा ओटा, ज्यावर आमचं निम्मं गिऱ्हाईक उभ्याने चहा पितं, तो तर रस्त्याचा निघाला. गटारावर फरशी टाकून अण्णांच्या आधीपासून तो वापरात होता, पण कागदोपत्री आमचा कधीच नव्हता. शिवाय विकास आराखड्यात रस्ता रुंद होणार, म्हणजे इमारतीची पुढची पट्टीही जाणार. त्या पट्टीचा मोबदला टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआयच्या (त्याच भूखंडावर जादा बांधकामाच्या) रूपात जागामालकाला मिळतो, भाडेकरूच्या हातात काही येत नाही. हे सगळं मोजमाप नगरपरिषदेकडून इमारत पाडायच्या आधी लेखी घ्यावं, भाडेकरूंच्या यादीसकट. इमारत पडल्यावर मोजणार काय?

आता धुराड्याचं. नकाशात आमचा गाळा तळमजल्यावर, मागच्या बाजूला दाखवला होता. क्षेत्रफळ पूर्वीपेक्षा थोडं जास्तच. काका आणि बिल्डर दोघांच्या मते मी खूश व्हायला हवं होतं. मी विचारलं, एक्झॉस्ट कुठून काढायचा? इंजिनिअर म्हणाला, "ताई, मागच्या भिंतीला मोठा फॅन लावा की." मी म्हटलं, त्या फॅनच्या वर काय येतं ते नकाशात बघा. पहिल्या मजल्याच्या फ्लॅटची बेडरूम येत होती. रोज पहाटेपासून फोडणीचा धूर तिथे गेला तर राहणारा माणूस महिन्याभरात तक्रार करणार, आणि त्याची तक्रार रास्तच असणार. हॉटेलचा धूर बंद डक्टमधून, म्हणजे धूर वर नेणाऱ्या नळीतून, थेट गच्चीच्या वर सोडावा लागतो. त्याला सगळ्या मजल्यांतून जाणारी मोकळी जागा लागते, आणि ती नकाशा मंजूर व्हायच्या आधीच आखावी लागते. नंतर कुणीही आपल्या घरातून डक्ट नेऊ देणार नाही.

डक्ट म्हणजे बिल्डरच्या दृष्टीने प्रत्येक मजल्यावरची विकाऊ जागा कमी. त्यामुळे खरी घासाघीस इथे झाली. शेवटी मी वाढीव क्षेत्रफळ सोडलं आणि त्या बदल्यात गच्चीपर्यंतचा डक्ट, रस्त्याकडे तोंड आणि ग्रीस ट्रॅपसकट (सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी टाकी) स्वतंत्र सांडपाण्याची लाइन मागून घेतली. भांड्यांच्या दुकानवाल्याने माझा मागचा मोठा गाळा गोदामासाठी घेतला आणि तोही खूश आहे. गोदामाला धूर नसतो. गॅसचंही तेव्हाच ठरवून घेतलं. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो आणि परवान्याशिवाय १०० किलोपर्यंतच साठा करता येतो. म्हणजे भरलेले पाच, आणि तेवढ्यांसाठी बाहेरून हवा खेळणारी जागा. वर लोक राहायला येणार असताना 'ठेवू कुठेतरी' म्हणून भागत नाही.

कराराचं थोडक्यात सांगते. कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेतला आणि त्याला नकाशा जोडून आमच्या गाळ्यावर व डक्टवर सह्या घेतल्या. बिल्डरने तोंडी सांगितलेली तारीख आणि त्याने महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर टाकलेली पूर्णत्वाची तारीख यांत बराच फरक होता. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि युनिट आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्प महारेरात नोंदवावा लागतो, तेव्हा तिथे बघून घ्यावं. करारात आम्ही तिथली तारीख धरली, आणि बिल्डरने द्यायचं मधल्या काळाचं भाडं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) मिळेपर्यंत चालू राहील असं लिहून घेतलं. 'ताबा देईपर्यंत' असं लिहिलं की अर्धवट इमारतीची किल्ली हातात ठेवून भाडं बंद करतात.

मधला काळ आम्ही मागच्या गल्लीत काढला. भाडं मिळतं ते जागेचं. बुडालेल्या गिऱ्हाइकाचं कुणी देत नाही. कोर्टातले कारकून आणि एसटीचे लोक यांच्याकडे चहासाठी पाच-सात मिनिटं असतात, आणि गल्लीत जाऊन यायलाच तेवढी लागतात. मग आम्ही बसून खाणाऱ्यांचा नाद सोडला आणि थर्मास घेऊन मुलगा कचेऱ्यांत पाठवला. धंदा तगला तो त्यावर. फूड रजिस्ट्रेशन जागेला बांधलेलं असतं. गल्लीत गेलो तेव्हा नवं काढलं, परत आलो तेव्हा पुन्हा नवं. प्रत्येक वेळी १४ अंकी नंबर बदलतो, म्हणून बिलबुकं थोडीच छापावीत.

नव्या गाळ्यात आल्यावर डक्ट नीट चालतोय, वरून अजून तक्रार नाही. ओटा मात्र गेला तो गेलाच. आता लोक पेले घेऊन पायऱ्यांवर उभे राहतात, आणि वरच्या फ्लॅटवाल्यांचं म्हणणं की पायऱ्या सोसायटीच्या आहेत. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय आहे. नकाशात पहिल्या तीन पायऱ्या आमच्या गाळ्याच्या हद्दीत दाखवल्यात, ती प्रत मी झेरॉक्स करून ठेवली आहे.