सातव्या सीटवरची मुलगी

बीएस्सी होऊन आठ महिने झाले होते. गोव्यातल्या आमच्या साखळीच्या बसस्टँडवर ओळखीचं कुणी भेटलं की प्रश्न ठरलेला, "कितें गो, काम मेळ्ळें?" माझं उत्तरही ठरलेलं, "ना अजून. खंय आसल्यार सांग." समोरचा मान हलवायचा आणि पुढच्या वळणावर विसरायचा. त्याने तरी लक्षात काय ठेवायचं?

घरी बाबांचं एकच पालुपद, सरकारी. त्यांना बोल लावता येत नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि खनिज वाहणारा आमचा ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. चाकांभोवती गवत वाढलं, बँकेचे हप्ते मात्र चालू. खासगीवरचा त्यांचा विश्वास तिथेच उडाला. त्यामुळे मामलेदाराचा पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, सगळं फाइलमध्ये लावून तयार. जाहिरात आली की अर्ज. अर्ज आजही करते, खोटं कशाला सांगू.

पहिला इंटरव्ह्यू वेर्ण्याला, एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलसाठी. बायोडाटात ‘एचपीएलसीचे ज्ञान’ असं ठोकून दिलं होतं. औषधातले घटक वेगळे करून मोजणारं ते मशीन कॉलेजात आम्ही दाराबाहेरून पाहिलेलं. समोरच्या मॅडमनी विचारलं, बफर चालवल्यावर कॉलम कसा धुवाल? (बफर म्हणजे क्षारांचं द्रावण, कॉलम म्हणजे त्या मशीनमधली घटक वेगळे करणारी नळी.) मी गप्प. मग त्यांनी सोपा प्रश्न टाकला. नोंदवहीत आकडा चुकला तर काय कराल?

"व्हाइटनर लावीन," मी म्हणाले. अगदी आत्मविश्वासाने.

बाजूला बसलेले गृहस्थ खिडकीबाहेर पाहू लागले. हसू दाबत होते हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

आमच्या वाड्यावरची एक वहिनी दुसऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये आहे. रविवारी वही घेऊन तिच्याकडे गेले. माशांचं हुमण ढवळता ढवळता तिने सांगितलं, "व्हाइटनर म्हणजे तिथे गुन्हा गो. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, कारण, सही, तारीख." आणि कॉलमचं? बफरनंतर थेट मिथेनॉल सोडलं तर त्यातले क्षार आत खडे धरतात, दाब चढतो, महागाचा कॉलम वाया. म्हणून आधी पाणी, मग पाणी-मिथेनॉल, शेवटी मिथेनॉल. मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून वाहणारा द्रव, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायची आणि सोनिकेटरमध्ये ठेवून तिच्यातली हवा काढायची. तीन वर्षांच्या डिग्रीत जे कळलं नव्हतं ते एका हुमणाच्या वेळेत कळलं.

तिनेच माझा बायोडाटा वाचला. तीन पानं. छंद, बाबांचा व्यवसाय, ‘वरील माहिती सत्य आहे’, सगळं तिने पेनने उडवलं. "तुझ्या हातांनी काय केलंस ते सांग." मी म्हटलं, काही नाही, प्रोजेक्टला बारा विहिरींचं पाणी तपासलं होतं, ईडीटीए टायट्रेशनने, म्हणजे ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब टाकून पाण्याचा जडपणा मोजला होता. "हेच लिही. एचपीएलसी काढ." मला ते फारच गावठी वाटलं. विहिरी कोण विचारणार?

त्यानंतर बसस्टँडवरचं माझं उत्तरही बदललं. क्वालिटी कंट्रोल, टायट्रेशनची कामं येतात, अप्रेंटिस म्हणूनही चालेल, शिफ्ट चालेल, बस मात्र साखळीहून हवी. आठवडाभरात एका कंपनीच्या बसचे ड्रायव्हरकाका म्हणाले, "सातव्या सीटवरची लॅबची पोर लग्न होऊन सावंतवाडीला गेली. पंधरा दिवस सीट रिकामी जातेय." जाहिरात तोवर कुठेच आली नव्हती. वशिला म्हणाल तर नाही, काकांना गेटच्या आत कोण विचारतो? पण कुठली सीट रिकामी, हे एचआरच्या आधी त्यांना कळतं.

दुसऱ्या दिवशी एक पान घेऊन गेटवर गेले. इंटरव्ह्यूत साहेबांनी कागद बघितला आणि विचारलं, सगळ्यात जड पाणी कुठल्या विहिरीचं? पीएच दहाला का आणायचा? एंड पॉइंट, म्हणजे थेंब कुठे थांबवायचे, कसा ओळखलात? वाइनसारखा लाल रंग निळा होतो, पण मध्ये जांभळ्यावर फसायला होतं, तिथे मी दोनदा फसले होते, तेही सांगून टाकलं. एचपीएलसी येतं का म्हणाले. "चालवलेलं नाही. कॉलम कसा धुतात ते ठाऊक आहे." विहिरींवरच दहा मिनिटं गेली असतील.

वर्षभर अप्रेंटिस. स्टायपेंड ऐकून बाबा म्हणाले, याहून जास्त मी क्लीनरला द्यायचो. दोन दिवस बोलले नाहीत. मग पहाटे साडेपाचला स्कूटरने बसपर्यंत सोडायला लागले, अजून सोडतात.

परवा काका म्हणाले, अकरावी सीट रिकामी झालीय, पॅकिंगची. ओळखीत कुणी असेल तर काकांना येऊन भेट म्हणून सांगा. काय काम येतं ते काका आधी विचारतात.