दलदलीतली रात्र

आत्ताच घरी पोचले. खांदे कामातून गेलेत. कालची रात्र ओकेफिनोकीत काढली, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या दक्षिण टोकाच्या दलदलीत. दिवसभर होडी वल्हवायची आणि मुक्काम कुठे, तर पाण्यात खांबांवर उभारलेल्या लाकडी ओट्यावर. अर्ध्यावर छप्पर, बाकी आभाळ. कोरडी जमीन जवळपास नाहीच. जमीन वाटते ते पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा थर, काही ठिकाणी साडेचार मीटर जाड. पाय दिला की शेजारची झुडपं डुलतात! नावाचा अर्थ 'थरथरती भूमी' सांगतात तो उगाच नाही. पाणी टॅनिनमुळे, म्हणजे वनस्पतींतून उतरणाऱ्या तपकिरी द्रव्यामुळे, कोऱ्या चहासारखं.

ओट्यावर शेकोटीला बंदी, म्हणून छोट्या गॅसवर पिठलं केलं. सोबत घरची भाकरी, तोवर दगड झालेली. अंधारात पाण्यावर टॉर्च मारला तर लाल ठिपके चमकले. ॲलिगेटरचे, म्हणजे मगरीच्या जातभाईंचे डोळे. अकरापर्यंत मोजले आणि टॉर्च बंद केला.

झोप मात्र त्यांनी नाही, बेडकांनी उडवली. इथले काही बेडूक चक्क डुकरासारखे गुरगुरतात. नवरा दोनदा उठून तंबूची चेन तपासून आला. डासांबद्दल आत्ता बोलत नाही, अजून खाजवतेय.