व्हिलाफ्रांकापर्यंतची वारी

आईचं घड्याळ पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवलं होतं. किल्लीचं, मनगटी, पट्टा कधीच तुटलेला. झोपण्याआधी त्याला किल्ली द्यायची हा तिचा नेम. शेवटच्या आजारात बोटांत जोर उरला नाही, तेव्हा ती ते बारीक बटण अंगठा आणि तर्जनीत धरून दोनदा फिरवायची, दम घ्यायची, पुन्हा दोनदा. मी हात पुढे केला की म्हणायची, "अगं, राहू दे. एवढं होतंय मला."

ती पहाटे गेली. संध्याकाळी दफनाहून परतून मी तिच्या रिकाम्या पलंगावर बसले, तर उशाशी टिकटिक चालू होती. आदल्या रात्रीची, तिने दिलेली किल्ली. त्या रात्री मी किल्ली दिली आणि पुढे रोज देत राहिले. हे बंद पडता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.

सात महिन्यांनी मी स्पेनमधल्या लिओनहून सांतियागोच्या वाटेला लागले. सांतियागो म्हणजे संत याकोब, येशूचा शिष्य; त्याची कबर जिथे आहे असं मानतात त्या शहराचंही हेच नाव. फ्रान्सच्या बाजूच्या सेंट-जाँ-पिए-द-पोरपासून त्याच्या कबरीपर्यंतची पूर्ण वाट ७८० किलोमीटरच्या आसपास आहे. माझ्या रजेत लिओनपासूनचे सुमारे ३०० बसत होते. आम्ही प्रोटेस्टंट. चालून पुण्य जोडता येतं असं आमच्या घरात कोणी मानत नाही. पण आईला जायचं होतं. ती या वाटेला वारीच म्हणायची. चालताना प्रार्थनेत लुडबुड कमी होते, असं तिचं म्हणणं होतं.

माझ्या मनात प्रार्थना नव्हतीच, राग होता. तिचा थकवा वयाचा आहे असं सांगून एका डॉक्टरांनी आम्हाला तीनदा परत पाठवलं होतं. खरा आजार कळला तेव्हा फार उशीर झाला होता. मग भेटायला येणारे म्हणायचे, देवाची इच्छा. त्यांचा हेतू चांगला होता, तरी ते शब्द कानात गेले की मी उठून आत जायचे. आई मात्र तशीच शांत. मला ती शांतता तिच्या स्वभावातली वाटायची. काही माणसं अशीच असतात, आपण तशा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

पाठीवर आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त ओझं नको, असं या वाटेवरचे जुने लोक सांगतात. माझं बरंच जास्त होतं. पन्नासेक किलोमीटरवर अस्तोर्गा लागलं, तिथे यात्रेकरूंच्या निवाऱ्यात मी अर्धी पिशवी रिकामी केली. दुसरी चप्पल, जाड पुस्तक, 'असू दे' म्हणून घेतलेल्या कितीतरी वस्तू. अन्नवस्त्र असेल तर तेवढ्यात तृप्त असावं, असं बायबलमध्ये प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो. ते मी लहानपणी पाठ केलं होतं. खांदे सोलले तेव्हा ते कळलं.

वाटेवर जागोजागी पिवळे बाण दिसतात. ओ सेब्रेइरो गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८४ मध्ये रंगाचा डबा घेऊन ते काढायला सुरुवात केली, तेव्हा या वाटेने फार थोडे लोक जात. १९८९ मध्ये ते वारले. आज हजारो लोक त्या बाणांवर विसंबून चालतात. बाण सांतियागो दाखवत नाही, फक्त पुढचं वळण दाखवतो. आईच्या आजारात मला कायम तिसरं-चौथं वळण दिसत असायचं. ती मात्र आजचंच विचारायची. आज कोण येणार आहे, आज खिडकी उघडशील का.

राबानाल देल कामिनो हे डोंगरपायथ्याचं छोटं गाव. तिथे बेनेडिक्टाइन, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमाने राहणारे कॅथलिक मठवासी आहेत. रात्री गावच्या जुन्या दगडी चर्चमध्ये ते दिवसाची शेवटची प्रार्थना लॅटिनमध्ये गातात. भिंतीचं प्लास्टर उडालेलं, दिवे मोजके, बाकांवर पायांना पट्ट्या बांधलेली माणसं. हातातल्या कागदावर भाषांतर होतं. 'हे प्रभो, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो.' आणि शेवटी आशीर्वाद: प्रभू आपल्याला शांत रात्र आणि चांगला अंत देवो.

मी ती ओळ दोनदा वाचली. रात्र आणि अंत, एकाच श्वासात. आत्मा हाती सोपवण्याचं वाक्य बायबलमधल्या एकतिसाव्या स्तोत्रातलं. तिथे ते म्हणणारा माणूस मरत नाहीये. शत्रूंनी घेरलेला, जगू पाहणारा आहे. तेच वाक्य येशूने वधस्तंभावर शेवटच्या श्वासाबरोबर म्हटलं. आणि इथले लोक रोज झोपायला जाताना म्हणतात. म्हणजे मरणाच्या वेळी नवीन काही शिकायचं नसतं. रोज रात्री म्हटलेलंच आणखी एकदा म्हणायचं असतं.

मग आईची रात्र डोळ्यांसमोर आली. किल्ली देऊन झाली की ती डोळे मिटायची आणि हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीचा पहिला प्रश्न स्वतःलाच विचारायची. प्रोटेस्टंट श्रद्धा शिकवायला जर्मनीत १५६३ मध्ये तयार झालेली ही प्रश्नोत्तरं, एकूण १२९. आईला त्यातला पहिलाच प्रश्न लागायचा. जगताना आणि मरताना तुझं एकमेव सांत्वन कोणतं? उत्तर पुटपुटायची: मी माझी नाही. देहाने आणि आत्म्याने, जगताना आणि मरताना, मी माझ्या विश्वासू तारणाऱ्या येशू ख्रिस्ताची आहे.

हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. मला ते म्हातारपणीचं गुणगुणणं वाटायचं. पौल फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की आहे त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे. 'शिकलो' म्हणतो, आणि लिहितो तुरुंगातून. त्याने वापरलेला 'तृप्त' हा ग्रीक शब्द स्टोइक या प्राचीन पंथाच्या विचारवंतांचा, स्वतःपुरतं स्वतः असण्याचा. पौल तो घेतो आणि उलटा करतो: मला सामर्थ्य देणारा दुसरा आहे. आई स्वभावाने शांत नव्हतीच मुळी. तरुणपणी तिच्या हातून भांडी आपटलेली मी पाहिली आहेत. ती शिकली होती, एकेका रात्रीने. आणि मी तिच्या मेहनतीला स्वभाव म्हणून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रूस दे फेरो. सुमारे १,५०० मीटर उंचीवर एक उंच लाकडी खांब, टोकावर छोटासा लोखंडी क्रूस, पायाशी यात्रेकरूंनी आणून टाकलेल्या दगडांचा ढीग. मीही दगड आणला होता. तो ठेवल्यावर हलकं वाटतं असं ऐकलं होतं. मला वाटलं नाही. धुकं होतं, मागे लोक थांबले होते. मी दगड ठेवला आणि बाजूला झाले. राग होता तिथेच होता. तो दगडासारखा खाली ठेवता येत नाही. स्तोत्रकर्ते तक्रार करतात ती देवाकडे, 'किती काळ' म्हणून. तृप्ती म्हणजे तक्रार गिळणं नव्हे, हे मला बायबलनेच शिकवलं. आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू रडला, आणि काही क्षणांनी आपण त्याला मेलेल्यांतून उठवणार हे माहीत असून रडला. पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. मग मरण सुंदर असतं असं मी का म्हणू? ते शत्रूच आहे. एवढंच की आई त्या शत्रूच्या हाती पडली नाही. ती आधीच कोणाच्या तरी हातात होती.

उतारावर हे सगळं मी देवाशी मोठ्याने बोलत होते. डॉक्टरांबद्दलही बोलले, नाव घेऊन. क्षमा केली असं म्हणता येणार नाही. पण सात महिन्यांत पहिल्यांदाच मी ते प्रकरण भिंतीला न सांगता त्याला सांगत होते.

तिथून मोलिनासेकापर्यंत वाट नऊशे मीटर खाली उतरते, सगळी सुट्या दगडांची. एल आसेबो गावाजवळ लोखंडी सायकलचं एक स्मारक आहे, या वाटेवरच मरण पावलेल्या यात्रेकरूचं. तिथे जरा थांबले, आणि पुढे निघताना उजवा गुडघा गेला. पोन्फेराडापर्यंत कशीबशी, मग दोन दिवस फरपटत व्हिलाफ्रांका देल बिएर्सो. पुढे ओ सेब्रेइरोची चढण आणि त्यानंतर सांतियागो, अजून १८० किलोमीटरहून जास्त. आता चालणं होणार नाही हे मला गावात शिरण्याआधीच कळलं होतं.

गावाच्या तोंडाशीच संत याकोबाचं बाराव्या शतकातलं चर्च आहे. त्याच्या उत्तरेकडच्या दाराला क्षमेचं दार म्हणतात. मध्ययुगात जे यात्रेकरू आजारपणामुळे पुढे जाऊ शकत नसत, त्यांना या दारापाशीच सांतियागोला पोचल्याचं फळ, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट, मिळे. दार फक्त पवित्र वर्षी उघडतं, म्हणजे २५ जुलै रविवारी येतो त्या वर्षी. मी गेले तेव्हा बंद होतं. पापाच्या शिक्षेतून अशी सूट मिळण्यावर माझा विश्वास नाही आणि या दारामुळे तो बसलाही नाही. पण इथे वाटेत कोसळलेल्यांना कोणीतरी पोचलेल्यांत धरलं होतं. माझ्याआधी किती माणसं इथे पाय ओढत आली असतील, ताप अंगात घेऊन, पुढचा डोंगर बघत. मी पायरीवर बसले. गुडघा सुजून गोळा झाला होता. आईसाठी म्हणून निघालेली वारी अर्ध्यावर राहिली होती आणि मला वाईट वाटत नव्हतं. हे मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. खरंच वाटत नव्हतं. मी म्हटलं, मी माझी नाही. पुढचं उत्तरही म्हटलं, सगळं, आईच्या चालीत. मग रडले, बराच वेळ.

त्या रात्री निवाऱ्यात पडल्या पडल्या झोप लागली. सकाळी जाग आली ती प्रकाशाने. घड्याळ हातात घेतलं, तर पहाटे चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं. किल्ली द्यायची राहून गेली होती.

छातीत धस्स होईल म्हणून मी क्षणभर थांबले. काही झालं नाही. बाहेर घंटा वाजू लागली तशी ठोके मोजले. आठ. काटे आठवर आणले, बटण अंगठा आणि तर्जनीत धरलं, आणि दोनदा फिरवून दम घेतला.