तिला सल्ला देण्याआधी

धाकट्या बहिणीने आज परत विचारलं, "दादा, तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?" नोकरी सोडून पुन्हा शिकायला जायचंय तिला, लांब, निदान दोन वर्षं. मनात पहिलं उत्तर आलं ते "नको जाऊस", आणि खरं सांगायचं तर ते तिच्यासाठी नव्हतंच, ती गेली की आईबाबांचं सगळं माझ्यावर येणार म्हणून आलं होतं.

जजचं स्वतःचं काही केसमध्ये गुंतलेलं असेल तर तो बाजूला होतो. घरच्या माणसाला ती सोय नाही, ज्याचं गुंतलंय त्यालाच विचारतात कारण जवळचा तोच असतो. मग निदान आधी सांगून तरी टाकावं. मी तिला म्हटलं, तू जाऊ नयेस असं मला वाटतंय पण त्यात माझी सोय बरीच आहे, तेवढी वजा करून ऐक.

जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल समजावून सांगणारे लोक, त्यांनाही पेशंट हाच प्रश्न विचारतात, तुम्ही असतात तर काय केलं असतं, आणि त्यांची शिकवण अशी की माहिती पूर्ण द्यायची, निर्णयाकडे ढकलायचं नाही. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मांडलेल्या विचाराचा यात मोठा वाटा आहे. पटतं मला, पण पूर्ण नाही. उद्या तिला कोणी मारहाण करत असेल किंवा न वाचता कर्जाच्या कागदावर सही मागत असेल तर मी गप्प बसणार नाही, ओरडून सांगेन. इथे तसं काही नाहीये, इथे आयुष्य तिचं आहे आणि पस्तावायची वेळ आली तर तीही तिच्यावरच येणार.

शिवाय दबाव टाकला की माणूस उलट्या बाजूला ओढतो, जॅक ब्रेहम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्येच हे मांडलंय. मी सारखं नको नको केलं आणि ती हट्टाने गेली तर तो निर्णय तरी तिचा कसा म्हणायचा?

"आईबाबांचं मी बघतो, तू बिनधास्त जा" असं म्हणायचा फार मोह झाला पण नाही म्हटलं, कारण मला ते झेपेल का हे मीच अजून नीट बघितलेलं नाही आणि खोटा धीर देणं म्हणजे पण ढकलणंच झालं ना. आधी माझी सुट्टी, पैसे, बायकोचं मत हे सगळं बघतो, मग दोन वर्षं मी नक्की किती करू शकतो ते तिला खरं खरं सांगेन.