मग घेतेस कशाला?

शुक्रवार, रात्री साडेअकरा

ह्याचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

झालं एवढंच. जेवणं आटोपल्यावर ताईने पाठवलेला अमेरिकन कॉमेडियन एलन डीजेनेरिसचा 2012 मधला जुना व्हिडिओ लावला. बिक कंपनीने बायकांसाठी खास पेनं काढली होती, ‘फॉर हर’. गुलाबी, जांभळी, बायकांच्या हातात नीट बसणारी म्हणे. एलन अगदी गंभीर चेहऱ्याने विचारते, पाकिटात सूचनाच नाहीत, मग आम्ही लिहायला शिकायचं कसं? डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले मी. धाकटीही हसली. हाही हसला आणि म्हणाला, “तुझं रेझर गुलाबीच आहे की. मग घेतेस कशाला?”

बोलण्यात खोच नव्हती. म्हणूनच जास्त लागलं.

मगाशी बाथरूममध्ये दोन्ही रेझर शेजारी ठेवून बघितली. पाती दोन्हीला तीन-तीन. त्याची दांडी सरळ, माझीला जरा बाक. पात्यांवर तीच गुळगुळीत पट्टी, त्याची हिरवट, माझी पांढरी. पाकिटं काढून किंमत पाहिली. माझं वीस रुपयांनी महाग. भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी मी, ही पाकिटं किती वर्षं न बघता टोपलीत टाकतेय! खूप वाईट वाटलं. घरात सगळ्यांचं बघायचं आणि वर वेडीही आपणच ठरायचं.

न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने 2015 मध्ये जवळजवळ 800 वस्तू तपासल्या होत्या. बायकांच्या वस्तू सरासरी 7 टक्क्यांनी महाग निघाल्या. रेझर 11 टक्के, केसांच्या वस्तू तर 48 टक्के. म्हणजे तिकडच्या बायकाही न बघता घेतात? की त्यांच्यासमोर मांडलेलंच तेवढं असतं?

मग घेतेस कशाला. हे पॅडबद्दल विचारून बघावं कोणी. जुलै 2018 पर्यंत कुंकवाला, बांगड्यांना जीएसटी शून्य आणि पॅडवर 12 टक्के. आम्ही घेतच होतो, कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीतून. स्टँड-अप कॉमेडी करणारी अदिती मित्तल स्टेजवर पॅडबद्दल मोकळेपणाने बोलते तेव्हा मला आजही भरून येतं. आईला हे बघायला मिळायला हवं होतं. असो.

आत्ता लिहिता लिहिता कळतंय काय खुपलं ते. एलन पेन घेणाऱ्या बाईला हसत नाही, पेन काढणाऱ्याला हसते. तिकडचीच दुसरी कॉमेडियन सारा हॅस्किन्सही तशीच. ‘टार्गेट विमेन’ ह्या तिच्या टीव्हीवरच्या सदरात ती दह्याच्या जाहिरातींना हसायची, दही खाणारीला नाही. त्या दोघींसोबत मी मनापासून हसू शकले ते त्यामुळेच. ह्याच्या एका वाक्याने ते हसू कंपनीवरून उठून माझ्यावर येऊन बसलं. त्याला ते समजलंही नाही. उद्या चहाच्या वेळी सांगेन. ऐकेल तो, ऐकतो तसा.

पाकिटात अजून तीन आहेत. ती वापरून संपवीन. पुढच्या वेळी निळं आणीन, धाकटीलाही किमती वाचायला लावीन.

पण गुलाबी मला आवडतो, हे खरंच आहे. आईचं राणी रंगाचं पातळ होतं, जरीचे काठ झिजलेले. पहिलीच्या वर्गाबाहेर मी त्याचा पदर घट्ट धरून उभी होते. तो रंग मी काही सोडणार नाही.