संत्र्याचा पापुद्रा

नोव्हेंबरमध्ये आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात येऊ लागली, की तेथे हमाली करणाऱ्यांच्या आमच्या वस्तीत एकही घर संत्र्यावाचून राहत नाही. या वस्तीतील अंगणवाडीत मी सेविका आहे. त्या सकाळी साडेसात महिन्यांच्या एका मुलीच्या घरी वरच्या आहाराविषयी सांगण्यासाठी गेले होते.

मी वजनाची नोंद लिहीत असताना आजींनी नातीच्या हाती संत्र्याची अख्खी फोड दिली. मी पाहिले, परंतु काही बोलले नाही. संत्रे म्हणजे नुसता रस, असे मलाही वाटत होते. मुलगी दोनदा खोकली आणि मग तिचा आवाजच बंद झाला. नुसती उबळ आलेले बाळ लाल होते, आवाज करते आणि बहुधा स्वतःच घास बाहेर लोटते. येथे मात्र तोंड उघडे असूनही रडणे उमटत नव्हते आणि ओठ निळसर पडू लागले होते. आई घशात बोट घालू लागली, तेव्हा मी तिचा हात धरला, कारण न दिसणारा तुकडा बोटाने आणखी आत सरकतो. मुलीला पालथे करून, डोके खाली राहील अशा बेताने हातावर घेतले आणि पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळव्याच्या मनगटाकडील भागाने जोरात थापा मारल्या. पाच थापांनीही काही निघाले नाही, तर उताणे करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबायचे, हे मला ठाऊक होते. ती वेळ आली नाही. चौथ्या थापेला चोखून चिंधी झालेला पापुद्रा बाहेर पडला आणि तिने टाहो फोडला. तरीही तिला डॉक्टरांना दाखवूनच आणायला लावले.

पालकसभेत मी फुटाणे, शेंगदाणे, कच्चे सफरचंद यांविषयी बजावते. नागपुरात राहून संत्र्याविषयी मात्र कधी एक वाक्य बोलले नव्हते. ही चूक आजींची कमी आणि माझी अधिक होती.

दुपारी मी पुन्हा गेले. संत्रे सोलण्यापूर्वीच धुवायचे, कारण सालीवरची घाण हातांनी गरापर्यंत जाते. मग शिरा, पापुद्रा आणि बिया काढून उरलेला गर चमच्याने चेचायचा. सफरचंद दोन बोटांत चुरडेल इतके वाफवायचे. द्राक्ष उभे चिरून चार भाग करायचे, गोल चकत्या नव्हेत.

“मग रसच देतो ना जी,” आजी म्हणाल्या. दोन वर्षांपर्यंत रस देऊ नये, असे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणे आहे. त्यात गर गळून गोडवाच तेवढा उरतो, असे मी त्यांना समजावले. त्यांनी स्वतः एक संत्रे सोलले, बराच वेळ घेऊन एकेक फोड उघडली आणि वाटीच्या तळाशी जमलेल्या गराकडे पाहून विचारले, “इतकंच राहते का जी एका संत्र्यात?”